दर एकवीस दिवसांनी

ती गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही. खरं तर तिची नोंद कुठल्याच पोलीस ठाण्यात नाही. स्टेशन डायरीत नाही, गुन्हा रजिस्टरला नाही; पंचनामा नाही की आरोपपत्र नाही. चौतीस वर्षं खात्यात काढली, नाही नाही ते पाहिलं, आणि मनात घर करून बसला तो तपास मात्र निवृत्तीनंतरचा, तोही परमुलखातला. नावं कुणाचीच सांगणार नाही. नोकरीत असताना कधी सांगितली नाहीत, आता कशाला सांगू?

माझी मुलगी आणि जावई बहरीनला असतात. बुदैयाच्या बाजूला, हायवेलगत त्यांचा भाड्याचा व्हिला आहे. वर्षातून दोन-तीन महिने मी तिकडे राहतो. सकाळी जावई ऑफिसला, मुलगी शाळेत शिकवायला, नातू त्याच्या शाळेत. मी मराठीत विचारायचं, त्याने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा संवाद. गाडी नसेल तर तिथे माणूस लुळा. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी माझी गत झाली होती.

त्यात तिथल्या मराठी मंडळाच्या सत्यनारायणाला मुलीने चारचौघांत सांगून टाकलं, "आमचे बाबा पोलीस इन्स्पेक्टर होते." झालं! प्रसाद खाऊन मी चपला शोधतोय, तोवर एक माणूस जवळ येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, काळासावळा, मनगटं लोखंडासारखी. गुहागरकडचा. मआमीरजवळच्या एका मोठ्या कारखान्यात फिटर होता आणि तिथेच गावात खोली घेऊन राहत होता.

"साहेब, माझी चोरी झालीय," तो म्हणाला. "पण मला चोर पकडून नको. मला फक्त खात्री पाहिजे."

असली फिर्याद मी जन्मात ऐकली नव्हती. बाहेर पायरीवर बसवून त्याला सगळं बोलू दिलं. फिर्यादीला मध्ये तोडायचं नाही, हा माझा पहिला नियम.

त्याची कंपनी दरवर्षी कामगारांना पगारातून थोडं कापून कंपनीचे शेअर द्यायची आणि वर आपल्याकडून काही घालायची. कागद हातात नाही, सगळं कॉम्प्युटरवर. याने वीस वर्षांत एकही शेअर विकला नव्हता. जुने विकायला मोकळे झाले होते. कंपनीने अलीकडे घातलेले मात्र अडकलेले होते. आणखी दोन वर्षं नोकरी केली तर मिळणार, आधी सोडली तर गेले. दोन वर्षांनी सगळे विकून गावी रस्त्याला लागून स्वतःचं वर्कशॉप टाकायचं, हे त्याचं स्वप्न. बायकोलाही तोंडपाठ. दर दिवाळीला फोनवर तिला आकडा सांगायचा.

महिनाअखेरीला रजेच्या कामासाठी तो ऑफिसात गेला, तर तिथला कारकून सहज म्हणाला, "चाचा, शेअर बेच रहे हो? घर बना रहे हो क्या?"

याने तिथेच कॉम्प्युटर उघडायला लावला. मोकळे होते ते जवळजवळ सगळे विकले गेले होते.

आता हे विकणार कोण? इथे त्या लोकांची एक पद्धत सांगितली पाहिजे. पूर्वी गावात एखादा शिकलेला माणूस सगळ्यांची पत्रं वाचून द्यायचा ना, तसा या खोल्यांमध्ये एक जण सगळ्यांचं 'ऑनलाइन' करतो. रजेचा अर्ज, तिकीट, रेसिडेंट कार्डचं रिन्यूअल, सगळं तोच. सगळ्यांचे पासवर्ड त्याच्या डायरीत. आणि कारखान्यात गॅसमुळे मोबाइल न्यायला बंदी, म्हणून फिटरचा फोन ड्यूटीच्या वेळी खोलीतच असायचा. शेअर विकायला पासवर्ड लागतो आणि फोनवर आलेला आकडा लागतो. दोन्ही एकाच माणसाच्या हाताशी.

तो माणूस म्हणजे त्याचा सोबती. त्याच तालुक्यातला, त्याच कंपनीत स्टोअरकीपर, पण पाळी वेगळी. सोळा वर्षं दोघं एका खोलीत.

"कंपनीत तक्रार कर की," मी म्हणालो.

"तक्रार केली तर त्याचा व्हिसा खलास, साहेब. आणि तो नसलाच तर? सोळा वर्षं एका ताटात जेवलोय. मी तोंड कुठं लपवू?"

जावयाने त्याच संध्याकाळी मला बजावलं, "बाबा, इथे तुमची हद्द नाही." बरोबर होतं त्याचं. पण खुमखुमी जाते कुठे? मी नवी वही काढली आणि पहिल्या पानावर तपास टिपण सुरू केलं.

पुढच्या शुक्रवारी फिटरकडून विक्रीचा तक्ता मागवून घेतला. एकदम विक्री नव्हती. चार वेळा, थोडे थोडे, आणि दर वेळी मध्ये बरोबर एकवीस दिवस. मी वहीत लिहिलं, 'चोर सावध आहे.' पैसे कुठे गेले ते त्या तक्त्यात नीट कळत नव्हतं, खात्याचे शेवटचे चारच आकडे. इथल्या खात्यात काही आलं नव्हतं. गावाकडच्या खात्याचा नंबर याला पाठ नाही, पासबुक बायकोकडे, बँकेचे मेसेजही तिच्याच फोनवर. म्हणून माझ्यासमोर फोन लावायला लावला.

"अगं, आपल्या खात्यात काही मोठे पैसे आलेत का?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग बाई म्हणाली, "नाही हो. कुठले पैसे? तुम्ही जेवलात का?"

फोन ठेवून फिटर हसला. म्हणाला, "तिला काय कळतंय त्यातलं! हल्ली व्हिडिओवर आली तरी डोक्यावरून पदर घेऊन बसते. सासू होती तोवर कधी घेतला नाही, सासू गेल्यावर घेते. बायकांचं काही कळत नाही साहेब." मीही हसलो. आणि सवयीने हेही वहीत टिपून ठेवलं. तिसऱ्या ओळीत.

लक्षात घ्या, पहिल्याच दिवशी माझ्या हातात सगळं होतं. तारखा होत्या, पदर होता, बाईचं ते क्षणभर थांबणं होतं. पण फिर्यादीच्या बायकोवर कोण संशय घेतो? मी तिचं 'नाही' हा पुरावा धरला आणि स्टोअरकीपरच्या मागे लागलो.

मआमीरला रस्त्याकडेला एक करक चहाचं दुकान आहे. दुधाचा गोड, घट्ट चहा, गाडीत बसल्या बसल्या आणून देतात. तिथे मी त्याची पहिली चौकशी केली. किडकिडीत माणूस, जाड चष्मा, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. मी माझी जुनी रीत वापरली. आधी गावच्या गोष्टी, मग लांबलचक गप्प बसणं, मग अचानक प्रश्न.

"भाऊंचे शेअर तू विकलेस?"

तो कपाकडे बघत राहिला. "साहेब, चहा निवतोय."

"मी चहाचं विचारलं नाही."

"माझ्या हातून भाऊंचं वाईट व्हायचं नाही. एवढंच सांगतो."

निर्दोष माणूस चिडतो. चोर असेल तर लांबण लावतो, शपथा घेतो. हा चिडलाही नाही आणि शपथही घेतली नाही. शपथ त्याने आधीच दुसरीकडे घेतलेली होती, हे मला कुठे ठाऊक! मी वहीत लिहिलं, 'मुरलेला आहे.'

आणि विनोद बघा, चौकशी संपली की मला बुदैयाला सोडायला तोच यायचा. फिटरकडे गाडी नव्हती, याच्याकडे जुनी पिकअप होती. ज्याच्यावर संशय, त्याच्याच शेजारी सीटबेल्ट लावून साहेब घरी! उतरताना तो दर वेळी दार उघडायला धावायचा. "सावकाश, साहेब. पायरी उंच आहे."

दुसऱ्या आठवड्यात फिटरने नवी खबर आणली. हा सुट्टीच्या दिवशी सलमानियाच्या मोठ्या हॉस्पिटलकडे जातो. विचारलं तर म्हणतो, ओळखीची एक नर्स आहे, केरळची. मी वहीत 'बाई' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. पोलिसाची बुद्धी! बाई, बाटली नाहीतर जुगार, यापलीकडे पैशाला चौथी वाट असते हे आम्हाला सुचतच नाही.

त्या शुक्रवारी मी त्याला धमकावलं. हो, धमकावलंच. आता लपवण्यात अर्थ नाही. म्हणालो, "उद्या तुझ्या कंपनीत जातो. मग इथले पोलीस. सोळा वर्षांची नोकरी एका सहीने जाईल. बोल."

चष्मा काढून त्याने शर्टाला पुसला. "जा साहेब," तो म्हणाला. "तुमचं काम तुम्ही करा." आणि मला घरी सोडलं.

मी कंपनीत गेलो नाही, कारण फिटरनेच हातापाया पडून थांबवलं. पण खोलीत दोघांचं बोलणं बंद झालं. फिटर फोन उशाखाली घेऊन झोपायला लागला. स्टोअरकीपरने आपली डायरी काढून टेबलावर ठेवून दिली, "ज्याचं त्याने करा," म्हणून. सोळा वर्षांची एक चूल, तिच्यावर आता दोन वेगळी भांडी चढायला लागली. हे माझ्या तपासाचं फळ.

तिसऱ्या शुक्रवारी सकाळी मी खोलीवरच गेलो. छोटी खोली, दोन खाटा, देवाचा फोटो, गॅसवर भात. फिटर बायकोशी व्हिडिओवर बोलत होता. म्हणाला, "हे बघ, आपले साहेब आलेत," आणि फोन माझ्यासमोर धरला.

त्या बाईला मी प्रथमच पाहिलं. पदर कपाळापर्यंत ओढलेला. कुंकू मोठं, ठसठशीत. हसून म्हणाली, "नमस्कार दादा. आमच्या माणसाकडे लक्ष ठेवा हो."

आता आम्हा पोलिसांना माणसाचं वर्णन लिहायची सवय असते. रंग, बांधा, नाक, भुवया, ओळखीची खूण. मन आपोआप रकाने भरत जातं. माझं मन भुवयांच्या रकान्याशी अडलं. त्या बाईला भुवया नव्हत्या. काजळाने दोन रेघा ओढल्या होत्या.

मी 'नमस्कार वहिनी' म्हणालो आणि खाटेवर बसलो. वही उघडली. तिसरी ओळ वाचली. तक्ता पाहिला. एकवीस, एकवीस, एकवीस. आमच्या ठाण्यातल्या एका हवालदाराच्या बायकोला कॅन्सर झाला होता. तो दर तीन आठवड्यांनी सुट्टीचा अर्ज घेऊन माझ्यासमोर उभा राहायचा, आणि मी चिडून म्हणायचो, "काय रे, कॅलेंडर लावून आजारी पडता काय?" खरं कारण, एकवीस दिवसांनी येणारी केमोची पाळी, कळल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तोच आकडा माझ्या वहीत दोन आठवडे पडून होता.

मी उठलो. स्टोअरकीपर बाहेर पिकअपपाशी उभा होता. "मला सोड," म्हणालो. गाडी हायवेला लागली तेव्हा विचारलं, "वहिनींना काय झालंय?"

त्याने एकदम ब्रेक दाबला. मागून हॉर्न वाजले. गाडी कडेला घेऊन तो स्टिअरिंग धरून बसला.

"मला विचारू नका, साहेब. पाया पडतो."

"औषध लागू पडतंय का?"

त्याने तोंड फिरवलं. तेव्हा मी आवाज चढवला. ठाण्यात चढवायचो तसाच. "ती बाई जाईल आणि हा इथे नटबोल्ट आवळत बसेल. ते पाप कुणाच्या माथी? तुझ्या!"

मग तो फुटला. लहान मुलासारखा हमसून रडला आणि रडत रडत सगळं सांगितलं.

सहा महिन्यांपूर्वी तिनेच त्याला फोन केला होता. दर भाऊबीजेला ती त्याला व्हिडिओवर ओवाळायची. म्हणाली, माझं असं असं निघालंय. यांना कळलं तर नोकरी टाकून धावत येतील. या कंपनीच्या आधी एकदा आले होते, सासूबाईंच्या आजारात. दोन वर्षं घरी बसले, पुन्हा नोकरी मिळेपर्यंत मन खचलं माणसाचं. आता दोनच वर्षं राहिलीत. ते मोकळे असलेले शेअर विका, खात्यात येऊ द्या, मी इथे औषध घेते. अडकलेल्यांना हात लावू नका, ते त्यांच्या वर्कशॉपचे. बरी झाले की मीच सांगेन.

"मी नाही म्हणालो, साहेब. तर म्हणाली, भाऊराया, त्यांना किंवा आपल्या माणसांत कुणालाही सांगितलंत तर माझं मेलेलं तोंड बघाल."

बहीण मानलेल्या बाईची ती शपथ. केरळची नर्स रिपोर्ट वाचून सांगायची, एवढ्यासाठी सलमानियाच्या फेऱ्या. आणि दहा दिवसांपूर्वी त्या नर्सनेच सांगितलं होतं, भैया, अब दवाई काम नहीं कर रही, उनके आदमी को घर भेज दो. दहा दिवस हा माणूस ते पोटात घेऊन फिरत होता, वर माझी धमकी झेलत होता. आणि मला दार उघडून देत होता.

कायद्याने पाहाल तर गुन्हा झालाच होता. दुसऱ्याच्या नावाने, त्याला न विचारता, त्याचा माल विकला. मी ते नाकारत नाही. पण ज्याचा माल त्याच्याच बायकोच्या नसांत गेला. असल्या गुन्ह्याला कलम कुठलं लावायचं, हे मला चौतीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

गाडी मागे वळवली. फिटरला मीच सांगितलं. तो कांदा चिरत होता. मी बोलत होतो तोवर त्याची सुरी चालूच होती, मग थांबली. पहिलं वाक्य काय बोलला असेल? "म्हणजे पैसे आले होते? ती माझ्याशी खोटं बोलली?" त्याने सुरी खाली ठेवली. मग, "आणि मी तिच्या पदराची थट्टा केली."

स्टोअरकीपर दारात मान खाली घालून उभा होता. आता हा अंगावर धावून जाणार, म्हणून मी मध्ये सरकलो. फिटर उठला. टेबलावरची ती डायरी उचलून त्याने सोबत्याच्या हातात दिली.

"यल्ला, चल," तो म्हणाला. "तिकीट काढ रे."

स्टोअरकीपरने पान उलटलं, पासपोर्टचा नंबर शोधला आणि तिकीट काढलं. फोनवर आलेला आकडा फिटरने स्वतः वाचून दाखवला. त्याच संध्याकाळी आम्ही दोघं त्याला विमानतळावर सोडून आलो.

त्याला नऊ दिवस मिळाले. पहिले दोन दिवस ती बोलत होती. त्याला पाहून म्हणे रागावली, "आलात ना शेवटी सगळं टाकून!" मग त्याचा हात सोडला नाही. मी पहिल्या दिवशी माझीच तिसरी ओळ नीट वाचली असती, तर दोन आठवडे जास्त मिळाले असते. तेव्हा ती अंगणात चालत होती, असं फिटरने मला पुढे सांगितलं. दोष देण्यासाठी नाही, सहज सांगितलं. म्हणूनच ते जास्त लागलं.

तो बहरीनला परतला नाही. अडकलेले शेअर अडकलेलेच गेले. ज्यासाठी त्या बाईने एवढं लपवलं ते काहीच हाती राहिलं नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? तपासात आम्ही विचारतो, कुणी, कधी, कुठे, कसं. 'कशासाठी' हा प्रश्न आम्ही शेवटी ठेवतो, तोही आरोपपत्रात हेतू लिहायचा असतो म्हणून. तो आधी विचारला पाहिजे. आणि परदेशातल्या माणसाला घरची वाईट बातमी न कळवण्याची आपली जी माया आहे ना, ती माया माणसाला फार महाग पडते. कळवा. रडू दे त्याला, पण कळवा.

स्टोअरकीपर अजून तिथेच आहे. महिन्यातून एकदा त्याचा फोन येतो. आधी तब्येत, मग हवा, मग इकडचं तिकडचं. मग तो थांबतो. तो थांबला की पुढे काय येणार हे मला ठाऊक असतं.

"साहेब, मी शपथ मोडली, म्हणून तर वहिनी..."

"वेडा आहेस काय?" मी दरडावतो. "मला आदल्या दिवशीच सगळं कळलं होतं. तिच्या माहेरी फोन करून मी काढून घेतलं होतं. ज्याला ठाऊक आहे त्याला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. तुझी शपथ शाबूत आहे."

"खरंच आधी ठाऊक होतं ना, साहेब?"

मी कुठलाही फोन केला नव्हता. माझ्याकडे दोन काजळाच्या रेघा होत्या आणि एक आकडा होता, बाकी सगळं मी त्याच्याकडून दमदाटी करून काढलं होतं. चौतीस वर्षं कोर्टात उभा राहिलो, वरिष्ठांचा दबाव आला, पण खोटी साक्ष कधी दिली नाही. याचा मला फार अभिमान होता.

"होतं," मी सांगतो. "आधीच ठाऊक होतं."

पुढच्या महिन्यात तो पुन्हा विचारतो. मी पुन्हा सांगतो.